न झालेल्या कुस्तीचा निकाल

कधीच समोरासमोर न आलेले दोन अव्वल मल्ल एकमेकांशी भिडले असते तर कोण जिंकला असता, हा प्रश्न तालमीच्या कट्ट्यावर जितक्या हिरिरीने लढवला जातो, तितक्याच सहजपणे तो अभ्यासकांच्या दालनातून बाहेर घालवला जातो. जे घडलेच नाही त्याचा पुरावा असू शकत नाही आणि पुराव्यावाचून केलेले विधान म्हणजे आवडनिवड, असा हा युक्तिवाद आहे. तो अपुरा आहे. न झालेल्या कुस्तीविषयीच्या वादात कुस्ती म्हणजे काय, ती कोणत्या जमिनीवर आणि कोणत्या नियमांनी व्हावी, आणि श्रेष्ठत्व नेमके कशात मोजावे, या प्रश्नांची उत्तरे गृहीत धरलेली असतात. ती उघड करून मांडली की वादाला अर्थ येतो, आणि ती दडवली की त्याच वादाची गावकी होते. लातूर जिल्ह्यातील मल्लांच्या दोन-तीन पिढ्यांचा इतिहास हा फरक समजून घेण्यास विशेष उपयोगी आहे, कारण या जिल्ह्यात अशी तुलना ज्या नावाभोवती फिरते ते हरिश्चंद्र बिराजदार यांचे नाव मातीच्या कुस्तीचा वैभवकाळ आणि गादीच्या कुस्तीचा उदय या दोहोंच्या सांध्यावर उभे आहे.

बिराजदार यांचा जन्म १९५० मध्ये निलंगा तालुक्यातील रामलिंग मुदगड या गावी झाला. त्या वेळी मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त होऊन दोनच वर्षे झाली होती आणि आजचा लातूर जिल्हा उस्मानाबाद जिल्ह्याचा भाग होता. तो स्वतंत्र झाला १९८२ मध्ये. १९६९ साली लातूर येथेच भरलेल्या अधिवेशनात बिराजदार ‘महाराष्ट्र केसरी’ झाले, १९७० च्या एडिनबरा राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक मिळवले, १९७२ मध्ये ‘रुस्तुम-ए-हिंद’ हा किताब जिंकला आणि १९७७ मध्ये बेळगावच्या मैदानात दिल्लीच्या सतपाल यांना हरवले. सतपाल हे गुरू हनुमान यांच्या आखाड्यातील सर्वांत गाजलेले पठ्ठे होते आणि महाराष्ट्रातील मैदाने गाजवून गेले होते, त्यामुळे बेळगावच्या त्या विजयाकडे एका मल्लाचा विजय म्हणून नव्हे, तर महाराष्ट्राची राखलेली लाज म्हणून पाहिले गेले. पुढे बिराजदार पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत वस्ताद झाले, म्हणजे तालमीतील मल्लांना डाव, खुराक आणि शिस्त या तिन्ही अंगांनी घडवणारे गुरू झाले, आणि २०११ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ‘मामा’ या नावाने ओळखले गेले. १९७७ चे बिराजदार आजच्या महाराष्ट्र केसरीसमोर उभे राहिले असते तर काय झाले असते, ही या जिल्ह्यातील सर्वांत स्वाभाविक काल्पनिक जोड आहे. ‘जोड’ या शब्दाने मैदानात एकमेकांविरुद्ध लावलेली मल्लांची जोडी सांगितली जाते, आणि तोडीची जोड लावणे हे जाणकार पंचांचे आणि वस्तादांचे खरे कसब मानले जाते.

या जोडीबाबत पहिली अडचण मल्लाच्या नावातच आहे. सतपाल यांचा जन्म १९५५ चा, म्हणजे बेळगावच्या कुस्तीत ते जेमतेम बाविशीत होते. आशियाई स्पर्धांतील त्यांची वाटचाल १९७४ मध्ये तेहरानला कांस्य, १९७८ मध्ये बँकॉकला रौप्य आणि १९८२ मध्ये दिल्लीत सुवर्ण अशी चढती आहे. बेळगावच्या निकालावरून बिराजदार सतपालपेक्षा श्रेष्ठ ठरले असे म्हणणे त्या दिवसापुरते निर्विवाद आहे; पण १९८२ च्या सतपालविषयी तो निकाल काहीही सांगत नाही. नाव एकच राहते, मल्ल बदलत असतो. मुष्टियुद्धात मुहम्मद अली हे नाव घेताना १९६४ मध्ये सनी लिस्टनला नाचत नाचत थकवणारा बावीस वर्षांचा तरुण अभिप्रेत आहे, की १९७४ मध्ये किन्शासा येथे दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे झेलणारा आणि आठव्या फेरीत त्याला पाडणारा मुरलेला योद्धा, हे न सांगता केलेली कोणतीही तुलना याच कारणाने निरर्थक ठरते. काल्पनिक जोडीला म्हणूनच साल लावावे लागते. ते लावले की निम्मे वाद मिटतात, आणि जे उरतात ते खरोखर विचार करण्याजोगे असतात.

दुसरी अडचण जमिनीची आहे, आणि कुस्तीच्या बाबतीत ती मुष्टियुद्धापेक्षा कितीतरी खोल जाते. मातीची कुस्ती आखाड्यात तांबड्या मातीवर होते. या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मिसळून ती मऊ आणि जखमांना निरुपद्रवी केलेली असते. मैदानातील मोठी कुस्ती बहुधा निकाली असते, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही खांदे जमिनीला लागून तो चितपट होईपर्यंत ती चालते, किंवा बराच वेळ निकाल न लागल्यास पंच ती बरोबरीत सोडवतात. गादीची कुस्ती आंतरराष्ट्रीय नियमांनी होते: तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या, मधे तीस सेकंदांची विश्रांती, नऊ मीटर व्यासाचे वर्तुळ आणि प्रत्येक हालचालीला गुण. प्रतिस्पर्ध्याला खाली घेऊन त्याच्यावर ताबा मिळवला की दोन गुण, त्याला वर्तुळाबाहेर ढकलले की एक, मोठी फेक केली तर चार किंवा पाच. दहा गुणांची आघाडी झाली की मुक्त शैलीतील कुस्ती तिथेच संपते. निष्क्रिय राहणाऱ्या मल्लाला ताकीद मिळते आणि ठरलेल्या वेळात त्याने गुण न घेतल्यास तो गुण समोरच्याला जातो. मातीत मल्ल खडाखडीत, म्हणजे उभ्याने हात-मान जोखत फिरण्यात, दहा-पंधरा मिनिटे घालवू शकतो, समोरच्याचा दम काढू शकतो, आणि मग एकाच घिश्शावर किंवा ढाकेवर कुस्ती संपवू शकतो. गादीवर हेच धोरण त्याला पराभूत करते. पायाखालची पकडही निराळी आहे: मातीत पाय रुततो, त्यामुळे खाली वाकून विजेसारखा पट काढण्यापेक्षा वजन पेलून समोरच्याला उलथवण्याचे डाव अधिक फळतात, तर गादीवर पायात बूट असतात, जमीन दाद देते आणि वेगाला मोल येते.

जमीन आणि नियम यांनी निकाल किती बदलतो, याचे भारतीय कुस्तीच्या इतिहासातील सर्वांत बोलके उदाहरण गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांच्या दोन लढतींचे आहे. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला गादीवर झालेल्या लढतीत गामाने सुरुवातीलाच झिबिस्कोला खाली घेतले; त्यानंतर झिबिस्को दोन तासांहून अधिक काळ पोटावर जमिनीला चिकटून राहिला, आणि दोन तास पस्तीस मिनिटांनी कुस्ती अनिर्णीत सोडण्यात आली. १९२८ मध्ये पतियाळात मातीवर हेच दोघे पुन्हा भिडले, तेव्हा दोघेही पन्नाशीच्या आसपास होते आणि गामाने एका मिनिटाच्या आत कुस्ती जिंकली. पहिल्या लढतीला आजचे निष्क्रियतेचे नियम लावले तर गामा काही मिनिटांतच गुणांवर विजयी ठरतो. माणसे तीच, पण लंडनच्या नियमांत न हरणे शक्य होते आणि पतियाळ्याच्या मातीत ते शक्य राहिले नाही. अमेरिकेचा तत्कालीन विजेता फ्रँक गॉच आणि गामा यांची लढत कधी झाली नाही, आणि शतकभर तिच्याविषयी वाद चालू आहे. तो चालवणाऱ्यांनी कोणती जमीन आणि कोणते नियम, एवढे आधी ठरवले असते तर बहुतेकांच्या लक्षात आले असते की ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे एकमेकांच्या तोंडावर फेकत होते.

याहून मूलभूत आक्षेप असा आहे की अटी सारख्या असल्या तरी श्रेष्ठत्व एका सरळ शिडीवर मोजता येत नाही. अ हा ब पेक्षा सरस आणि ब हा क पेक्षा सरस असेल तर अ हा क पेक्षा सरस असलाच पाहिजे, हे वजनकाट्यापुरते खरे आहे, मल्लांपुरते नाही. महाराष्ट्राने याचा प्रत्यय २०२३ या एकाच वर्षात घेतला. जानेवारीत पुण्याच्या कोथरूडमध्ये झालेल्या स्पर्धेत माती विभागात महेंद्र गायकवाडने सिकंदर शेखला हरवले आणि त्या निकालातील गुणांवरून मोठा वाद झाला. अंतिम लढतीत शिवराज राक्षेने गायकवाडला झटपट चितपट करून गदा मिळवली. नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे सिकंदर शेखने राक्षेला झोळी डावावर काही सेकंदांतच आस्मान दाखवले. तिघांपैकी प्रत्येकाने एकाला हरवले आणि प्रत्येक जण एकाकडून हरला. सत्तरच्या दशकातील हेवीवेट, म्हणजे सर्वांत वजनदार गटातील मुष्टियुद्धात हेच घडले होते: जो फ्रेझरने १९७१ मध्ये न्यूयॉर्कला अलीला गुणांवर हरवले, फोरमनने १९७३ मध्ये किंग्स्टनला फ्रेझरला दुसऱ्याच फेरीत लोळवले, आणि पुढच्या वर्षी अलीने फोरमनला पाडले. फ्रेझरची पुढे रेटत येण्याची पद्धत अलीला अडचणीची होती आणि फोरमनच्या खालून येणाऱ्या ठोशांसाठी तीच पद्धत आयते आमंत्रण ठरली. मल्लाची ताकद ही केवळ त्याच्यापाशी साठवलेली मालमत्ता नसते, ती समोरच्याच्या ढंगाशी गाठ पडल्यावर प्रकट होते. म्हणून ‘सर्वकालीन श्रेष्ठ’ अशी एकच यादी करणे आणि त्या यादीवरून काल्पनिक कुस्तीचा निकाल वाचणे, ही चूक प्रत्येक पिढीत नव्याने केली जाते.

किताबच दुभंगला की वादाला आणखी खतपाणी मिळते. फुलगावच्या स्पर्धेनंतर दहाएक दिवसांतच धाराशिव येथे दुसऱ्या संघटनेची स्पर्धा झाली, तिथे राक्षे विजयी झाला, आणि एकाच महिन्यात महाराष्ट्राला दोन ‘महाराष्ट्र केसरी’ मिळाले. २०२५ मध्येही अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि कर्जतला वेताळ शेळके असे दोन विजेते झाले. मुष्टियुद्धात चार जागतिक संघटना चार पट्टे देतात, हे त्या खेळाचे जुने दुखणे आहे. लेनॉक्स लुईसने १९८८ च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत रिडिक बोला हरवले होते. बो व्यावसायिक विजेता झाल्यावर मात्र त्याने १९९२ मध्ये लुईसशी लढण्याऐवजी एका संघटनेचा पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकणे पसंत केले, आणि ती लढत कायमची काल्पनिक राहिली. जिथे लढत होऊ शकत होती आणि होऊ दिली गेली नाही, तिथे प्रेक्षकाचा हक्क डावलला गेलेला असतो. तिची तुलना मृत्यूने किंवा काळाने अशक्य केलेल्या लढतीशी करता येत नाही. कुस्तीच्या संघटनांनी ही गोष्ट मनावर घ्यायला हवी. दोन गदांचा प्रकार हा मल्लांवर अन्याय आहे, कारण मल्लाला आपली बरोबरी सिद्ध करण्यासाठी दहा-बारा वर्षांहून अधिक काळ मिळत नाही.

काल्पनिक लढतीला शास्त्राचा आधार देण्याचा सर्वांत गाजलेला प्रयत्न १९७० मध्ये अमेरिकेत झाला. कधीही न हरता निवृत्त झालेला रॉकी मार्सियानो आणि त्या वेळी परवाना गमावून बसलेला अली यांच्या नोंदी संगणकात भरण्यात आल्या; दोघांनी कॅमेऱ्यासमोर अनेक छोट्या फेऱ्या लुटूपुटूच्या लढल्या आणि वेगवेगळे शेवट चित्रित केले. जानेवारी १९७० मध्ये चित्रपटगृहांत दाखवलेल्या निकालात मार्सियानो तेराव्या फेरीत जिंकला. तो पाहायला मार्सियानो स्वतः हयात नव्हता, कारण त्याआधी ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात त्याचा मृत्यू झाला होता. या प्रयोगात संगणक वापरला गेला हा दोष नव्हे. दोष हा, की कोणत्या गुणाला किती वजन द्यायचे हा निर्णय माणसांनी घेतला आणि यंत्राने जणू तो स्वतःच शोधून काढला असा आभास निर्माण केला. जिल्ह्याच्या अभिमानापोटी दिलेला निकाल आणि यंत्राच्या नावाने दिलेला निकाल यांत या अर्थाने फरक नाही. दोन्हीकडे खरी गृहीते पडद्याआड असतात, आणि अभिमानाचा निकाल निदान आपला अभिमान लपवत नाही.

महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेत मात्र हीच काल्पनिक लढत दरवर्षी प्रत्यक्षात आणणारी एक विलक्षण रचना आहे, आणि तिच्याकडे पुरेसे गांभीर्याने पाहिले गेलेले नाही. या स्पर्धेत माती विभाग आणि गादी विभाग स्वतंत्र असतात. दोहोंचे विजेते अंतिम लढतीत भिडतात आणि ती लढत गादीवर होते. ७ जानेवारी २०२० रोजी पुण्यात बालेवाडी येथे झालेल्या अंतिम लढतीत माती विभागातून लातूरचा शैलेश शेळके आणि गादी विभागातून नाशिकचा हर्षवर्धन सदगीर समोरासमोर आले. दोघेही काका पवार यांच्या पुण्यातील तालमीतले, एकाच वस्तादाच्या हाताखाली घडलेले. काका पवार स्वतः लातूर जिल्ह्यातील, अर्जुन पुरस्कार मिळवलेले मल्ल. त्यांची कीर्ती ग्रीको-रोमन शैलीत, म्हणजे कमरेखाली पकड घेण्यास बंदी असलेल्या प्रकारात झाली, आणि त्यांचे वस्ताद होते हरिश्चंद्र बिराजदार. सदगीरने ती लढत ३–२ अशी जिंकली आणि पराभूत शेळकेला खांद्यावर उचलून मैदानात फिरवले.

या एका गुणाने काय सिद्ध झाले? गादी मातीपेक्षा श्रेष्ठ आहे, असे तर नक्कीच नाही, कारण डिसेंबर २०१८ मध्ये जालन्याला माती विभागातून आलेल्या बालारफिक शेखने गादीच्या अभिजित कटकेला गादीवरच हरवले होते. सहा मिनिटांत, गादीवर, आंतरराष्ट्रीय नियमांनी सदगीर त्या दिवशी एका गुणाने सरस होता, एवढेच सिद्ध झाले, आणि तेवढे पुरेसे आहे. हीच लढत मातीवर निकाली लावली असती तर काय झाले असते, हा प्रश्न त्या निकालाने मिटत नाही. युक्रेनच्या क्लिच्को बंधूंनी, दोघेही हेवीवेट विजेते असताना, एकमेकांशी न लढण्याचे वचन आईला दिले होते आणि ते पाळले. एका तालमीच्या दोन पठ्ठ्यांवर असे बंधन नव्हते, ते लढले, आणि तरीही काल्पनिक कुस्ती शिल्लक राहिली. प्रत्यक्ष लढत काल्पनिक लढतीला संपवत नाही, ती तिची व्याप्ती थोडी आक्रसते.

यावर असा आक्षेप येतो की अटींचा एवढा काथ्याकूट करण्यापेक्षा प्रत्येक मल्लाला त्याच्या समकालीनांच्या तुलनेत मोजावे. ज्याने आपल्या काळावर अधिक निर्विवाद हुकमत गाजवली तो मोठा. हा मार्ग न्याय्य दिसतो, पण त्यात एक गंभीर त्रुटी आहे. समकालीन कोण होते हे स्वतः समाजरचनेने ठरवलेले असते. कोल्हापूरला शाहू महाराजांनी तालमींना आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचे मैदान खुले केले. निजामाच्या मराठवाड्यातील मुलाला असा आश्रय नव्हता, आणि बिराजदारांना कुस्तीसाठी कोल्हापूरच्या गंगावेस तालमीची वाट धरावी लागली. दूध, तूप, बदाम आणि थंडाईचा खुराक परवडणे हे अवर्षणग्रस्त भागातील शेतकरी कुटुंबाला आजही सोपे नाही. लातूर-नांदेडच्या किती मुलांना आखाड्यापर्यंत पोहोचताच आले नाही याची मोजदाद नाही, आणि म्हणूनच ‘त्या काळातील सर्वश्रेष्ठ’ या पदवीचा अर्थ ‘त्या काळात आखाड्यापर्यंत पोहोचू शकलेल्यांतील सर्वश्रेष्ठ’ एवढाच घ्यावा लागतो. जो मल्ल या चाळणीतून पार झाला त्याचे मोल याने कमी होत नाही. उलट रामलिंग मुदगडपासून एडिनबरापर्यंतचे अंतर मोजताना केवळ हरवलेल्या प्रतिस्पर्ध्यांची यादी पुरत नाही.

एवढ्या अटी मान्य केल्यावर मूळ जोडीचा निकाल देणे टाळू नये, कारण टाळणे ही या वादातील सर्वांत सोयीची पळवाट आहे. १९७७ चे बिराजदार आणि २०२३ चा शिवराज राक्षे किंवा सिकंदर शेख यांची कुस्ती मातीवर, निकाली आणि वेळेच्या बंधनाशिवाय झाली असती, तर बिराजदारांची बाजू वरचढ मानावी लागते. त्यांची पिढी तशाच कुस्तीसाठी घडली होती. दीर्घ खडाखडीचा दम, संधी येईपर्यंत राखलेला संयम आणि एका डावावर सर्वस्व लावण्याची सवय आजच्या सहा मिनिटांच्या सरावातून येत नाही. तीच कुस्ती गादीवर आजच्या गुणपद्धतीने झाली असती, तर आजचा मल्ल जिंकण्याची शक्यता अधिक. तो वर्तुळाची कड, घड्याळाचा काटा आणि निष्क्रियतेची ताकीद यांचा शस्त्रासारखा वापर करायला लहानपणापासून शिकलेला असतो, शिवाय त्याचा आहार, शास्त्रीय व्यायाम आणि दुखापतींवरील उपचार अर्धशतकाने पुढचे आहेत. बिराजदारांनी एडिनबराला गादीवरच सुवर्ण मिळवले होते, हे खरे. पण त्या काळी कुस्ती तीन-तीन मिनिटांच्या तीन फेऱ्यांची असे आणि गुणांचे गणितही निराळे होते, त्यामुळे ते यश आजच्या गादीवर जसेच्या तसे लागू करता येत नाही. मात्र गादीची भाषा बिराजदारांना परकी नव्हती याचा भक्कम पुरावा त्यांच्या वस्तादगिरीत आहे: पाटोद्याचा राहुल आवारे त्यांच्याच तालमीत वाढला आणि त्याने २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्ण आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्य मिळवले. मातीत घडलेल्या वस्तादाला गादीवरचे जागतिक पदक घडवता येत असेल, तर योग्य वयात त्या नियमांचा सराव मिळालेल्या बिराजदारांना गादीवरही कमी लेखता येणार नाही.

या दुहेरी निकालातून स्पर्धेच्या रचनेविषयी एक प्रश्न उभा राहतो. अंतिम लढत कायम गादीवर होत असल्याने माती विभागाच्या विजेत्याला दरवेळी परक्या जमिनीवर लढावे लागते, आणि तरीही त्याने अनेकदा बाजी मारली आहे. ऑलिंपिकला जाणारी वाट गादीवरूनच जाते, हे या व्यवस्थेचे समर्थन योग्य आहे. पण ते आंतरराष्ट्रीय निवडीच्या स्पर्धांना लागू पडते. महाराष्ट्र केसरी ही गदा गावोगावच्या जत्रांतील नारळाच्या कुस्तीपासून सुरू होणाऱ्या परंपरेचे शिखर आहे. एक वर्ष गादीवर आणि एक वर्ष मातीवर, निदान निकाली कुस्तीला पुरेसा वेळ देऊन, अंतिम लढत घेतली तर शेळके आणि सदगीर यांच्यासारख्या जोडीच्या वादाचा उरलेला अर्धा भागही आखाड्यात सोडवता येईल.